टवका उडालेली डबी टाकण्याआधी एकदा उलटी करून पाहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत दिवाळीच्या आवराआवरीवर लेख आला होता. माळ्यावरच्या गाद्या, मुदत संपलेली औषधं, बंद पडलेले मिक्सर यांचं काय करायचं हे त्यात नीट सांगितलं आहे. त्यातल्या दोन-तीन गोष्टी मी लगेच केल्याही. पण घराबाहेर काढायच्या वस्तूंच्या यादीत ‘तडा गेलेली, टवके उडालेली चिनी माती’ होती आणि पुढे ‘अशी वस्तू घरात ठेवणं अशुभ’ असंही म्हटलं होतं. त्या एका ओळीसाठी हे पत्र. सध्या घरोघर माळे उतरवले जातायत, भंगारवाला गल्लीतून दिवसात दोनदा फिरतोय. दिवाळी झाल्यावर सांगून उपयोग नाही, म्हणून आजच लिहायला बसले. पत्र लांबलं आणि कापावं लागलं, तर तळावरच्या शिक्क्यांचा भाग तेवढा राहू द्यावा, ही विनंती.

मी मिरजेत राहते. १९८१ ते २०१४ अशी ३३ वर्षं मी दातांच्या लॅबमध्ये काम केलं. डॉक्टर माप पाठवतात, त्यावरून कॅप आणि ब्रिज करायचे, हे आमचं काम. कॅपवर जो दातासारखा पांढरा थर असतो, तीही एका परीनं चिनी मातीच. फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ या खनिजांची ही भुकटी पाण्यात कालवायची, कुंचल्यानं थरावर थर चढवायचा, टिपकागदानं पाणी शोषून घ्यायचं आणि नऊशे अंशांच्या वर भट्टीत भाजायचं. भाजताना ती आक्रसते, म्हणून दात आधी मोठाच करावा लागतो. हे करता करता डोळा तयार झाला आणि त्या डोळ्यानंच मला या छंदात ओढलं.

छंद म्हणजे चिनी मातीच्या लहान, झाकणाच्या डब्या जमवणं. मुठीत मावेल एवढी एकेक. विकणारे त्यांना ट्रिंकेट बॉक्स म्हणतात. युरोपात बायकांच्या आरशापुढे त्या असत, आत केसाच्या पिना, अंगठ्या, बटणं. आपल्याकडे आल्या तेव्हा त्यांत कुंकू गेलं, मेण गेलं, काळे मणी गेले, नाकातली मोरणी गेली. आपल्या फणेरपेटीत लाकडाचा किंवा पितळेचा करंडा असायचा, त्याच्या शेजारी ही परदेशी डबी जाऊन बसली. नाव मात्र तिला वेगळं मिळालं नाही. घरात ती नुसती ‘डबी’. बाजारात मागायची तरी पंचाईत! ‘जर्मन डबी आहे का’ विचारलं की दुकानदार अॅल्युमिनियमची काढून दाखवतो, कारण आपल्या बोलीत जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. ‘चिनी माती’ म्हणावं तर लोणच्याची बरणी, कपबशी आणि ही डबी, तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो. तिन्ही माती वेगळ्या, भाजणी वेगळी, आणि तुटतातही वेगळ्या.

माझ्याकडे आज ४३ डब्या आहेत. त्यांतल्या ३७ फुटक्या आहेत, म्हणजे कुठे टवका, कुठे तडा, कुठे बिजागरी गेलेली, कुठे नुसतं झाकण. अखंड डबीची किंमत लॅबमधल्या पगाराला झेपणारी नव्हती, हे एक कारण. दुसरं कारण असं की, टवका उडालेली डबी मला वाचता येते.

ते कसं, ते सांगते. टवका उडाला की झिलईखालची माती उघडी पडते. खरी, कडक भाजलेली पोर्सलीन, म्हणजे काचेसारखी घट्ट, पांढरी चिनी माती असेल तर तो टवका काचेच्या तुकड्यासारखा गुळगुळीत, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वळणदार दिसतो. झिलई कुठे संपली आणि माती कुठे सुरू झाली, ती रेघ भिंगातूनही धड सापडत नाही, कारण तेराशे-चौदाशे अंशांवर दोन्ही एकजीव झालेल्या असतात. जुन्या फ्रेंच मऊ, म्हणजे कमी आचेवर भाजलेल्या पोर्सलीनचा टवका पिठीसाखरेच्या ढेपेसारखा दाणेदार असतो. साध्या भाजक्या मातीची, वर पांढरी झिलई दिलेली वस्तू असेल तर टवक्याच्या जागी ती पाणी, तेल, धूळ पिते आणि काही वर्षांत तिथं चहाच्या रंगाचा डाग पडतो. लॅबमध्ये कॅपचा तुकडा निघून परत आला की आम्ही आधी तुटलेली कड पाहायचो, चूक भाजणीत झाली की मापात, ते तिथंच कळायचं. डबीचंही तसंच. तोंडावर फुलं आणि सोनेरी वेलबुट्टी कुणीही काढतो, खरं काय ते टवक्याच्या जागी दिसतं. आणि आपण नेमकी तीच वस्तू कचऱ्यात टाकतो.

आता माझ्या पहिल्या डबीविषयी. सांगलीच्या गावभागात आमचा वाडा होता. आत्या तिथंच असायची. तिचे यजमान १९५३ साली गेले तेव्हा ती २९ वर्षांची होती. तिच्या ट्रंकेत, खणाच्या घडीत गुंडाळलेली एक लंबगोल पांढरी डबी होती. झाकणावर चिनी मातीचीच आरशाची छोटी चौकट, तिच्या पायाशी एक मिटलेला पंखा आणि एक घड्याळ, अंगठ्याच्या नखाएवढं, साखळीसकट. चौकटीतला आरसा कधीच निखळला होता. उन्हाळ्यात ट्रंक उन्हात ठेवायची तेव्हा आत्या ती डबी माझ्या हातात द्यायची, पण झाकण उघडू द्यायची नाही. आत काय आहे ते मला नऊ-दहा वर्षांची झाल्यावर कळलं. कुंकू होतं. ते तिनं टाकलं नव्हतं आणि वापरायचा तर प्रश्नच नव्हता. झाकणाची कड आतून बिनझिलईची, खरखरीत असते. त्या खरखरीत कडेत ते लाल अजून आहे. मी ते पुसलेलं नाही.

आपल्या लेखातला ‘अशुभ’ हा शब्द मला का लागला, ते आता आपल्या लक्षात येईल. आत्याला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नसे. मुंजीत, लग्नात ती मुदपाकखान्यात राबायची आणि मांडवात यायची नाही. तिच्यासाठी वापरलेला शब्द हाच होता. तडा गेलेल्या वस्तूवर तो शब्द ठेवला की माझ्या डोळ्यांपुढे ती ट्रंक येते. श्रद्धेवर मला वाद घालायचा नाही, ज्याच्या त्याच्या घरी ज्याची त्याची रीत. पण वृत्तपत्रानं छापलेली ओळ हजार घरांत वाचली जाते आणि हजार घरांतल्या ट्रंका तिच्यावरून रिकाम्या होतात.

१९७८ साली वाड्याची वाटणी झाली. भांडीकुंडी मोजून वाटली आणि किरकोळ सामानाचे ढीग केले. आमच्या वाट्याच्या ढिगात डबीचं झाकण आलं, खालचा भाग दुसऱ्या कुणाच्या तरी ढिगात गेला. दोन्ही मिळून एक वस्तू आहे हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आत्या त्याआधीच्या वर्षी गेली होती.

पुढे बरीच वर्षं मला त्या झाकणाची कुळकथा माहीत नव्हती. २००९ साली एका लग्नासाठी मुंबईला गेले असताना चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर एका दुकानाच्या काचेत मला तेच झाकण दिसलं. तोच पंखा, तेच घड्याळ. खाली अख्खी डबी! खालचा भाग म्हणजे एक छोटं ड्रेसिंग टेबल, पुढे दोन खोटे खण, खणांना सोन्याचे ठिपके म्हणजे मुठी. दुकानदारानं ४,५०० रुपये सांगितले. तेवढे पैसे नव्हते, पण त्या भल्या माणसानं डबी माझ्या हातात दिली आणि उलटी करू दिली. तळाला ढालीची आकृती, तिच्यात कोपरातून वाकवलेला हात आणि हातात खंजीर.

ही खूण जर्मनीतल्या थुरिंजिया भागातल्या पोस्नेक गावच्या कोन्टा अँड बोमे या कारखान्याची. १७९० सालचा हा कारखाना १९३१ मध्ये बंद पडला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथून असल्या डब्या आणि छोट्या बाहुल्या गाड्या भरभरून इंग्लंडला जात. तिथल्या जत्रांत चार-दोन पेनीला त्या विकत, नाहीतर खेळात बक्षीस म्हणून देत. म्हणून त्यांना ‘फेअरिंग’ असं नाव पडलं, आपण जत्रेचा खाऊ म्हणतो तसं. म्हणजे ही काही राजवाड्यातली वस्तू नव्हे. आमच्या मीरासाहेबांच्या उरुसात पोरीबाळी बांगड्या, पिना घेतात, त्या मोलाची ही वस्तू. साच्यात काढलेली, भराभर रंगवलेली. तरी त्या घड्याळाच्या साखळीची कडी न् कडी वेगळी दिसते. कुणीतरी आधी त्याचा मूळ नमुना बसून कोरला असणार. मी ३३ वर्षं दाढांच्या खाचा कोरल्या आहेत, त्यामुळे तेवढ्याशा जागेत तेवढी सफाई आणायला काय लागतं ते मला ठाऊक आहे.

मोठ्या घराण्यांच्या गोष्टी वेगळ्या. चीनसारखी कडक, पांढरी पोर्सलीन युरोपला फार काळ साधली नव्हती. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या ऑगस्टस राजानं सोनं करून देईन म्हणणाऱ्या योहान फ्रीड्रिश बॉटगर या तरुणाला डांबून ठेवलं. चिर्नहाउस या विद्वानाच्या देखरेखीखाली त्यानं सोन्याऐवजी १७०८ मध्ये पोर्सलीनची कृती शोधली आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना निघाला. हा राजा पोर्सलीनसाठी इतका वेडा होता की १७१७ मध्ये प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार सैनिक देऊन त्यानं चिनी मातीच्या १५१ वस्तू घेतल्या. सैनिकांच्या बदल्यात फुलदाण्या! संग्राहक म्हणून मला हा राजा परका वाटत नाही, पण त्या सहाशे घरांचं काय झालं असेल, हे मनातून जात नाही.

त्यापेक्षा मला फ्रान्समधल्या लिमोजची गोष्ट जवळची. १७६८ च्या सुमारास लिमोजजवळच्या सां-तिरिए गावात एका शल्यवैद्याच्या बायकोला मऊ पांढरी माती मिळाली, कपडे धुवायला ती साबणासारखी चालेल असं तिला वाटलं, अशी कथा सांगतात. ती माती म्हणजे केओलिन, पोर्सलीनचा प्राण. त्यानंतर काही वर्षांतच लिमोजला भट्ट्या पेटल्या. आजही पितळी बिजागरीच्या लिमोज डब्या जगभर जमवल्या जातात, भोपळा, पुस्तक, मांजर, बुटांचा जोड असल्या नाना आकारांच्या. त्यांच्या तळाला ‘पँ मँ’ असं फ्रेंच अक्षरांत लिहिलेलं असतं, म्हणजे हातानं रंगवलेली. नुसतं ‘लिमोज’ लिहिलेल्या पण लिमोज न पाहिलेल्या डब्याही ढिगानं मिळतात. रंगावर बोट फिरवून पाहा. छापील चित्र भिंगाखाली ठिपक्या-ठिपक्यांचं दिसतं आणि हाताच्या रंगाला कुंचल्याची ओढ असते, जिथं कुंचला टेकला तिथं रंग दाट आणि उचलला तिथं विरळ.

आता शिक्क्यांविषयी, म्हणजे ज्यासाठी मी खरं तर लेखणी उचलली. डबी उलटी करा. तळाला काहीच नसेल तर निराश होऊ नका, जुन्या पुष्कळ डब्यांवर नुसता ओल्या मातीत दाबलेला आकडा असतो. देशाचं नाव असेल तर ते काळ सांगतं. अमेरिकेत आयातकराचा १८९० चा मॅकिन्ली कायदा झाला आणि मार्च १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर तो कुठल्या देशाचा ते लिहिणं सक्तीचं झालं. तेव्हापासून ‘जर्मनी’, ‘ऑस्ट्रिया’, ‘निप्पॉन’ असे शिक्के सर्रास दिसू लागले. कायदा अमेरिकेचा, त्यामुळे हिंदुस्थानात उतरलेल्या प्रत्येक डबीवर तसा शिक्का असेलच असं नाही, पण कारखाने तोच माल चहूकडे पाठवत, म्हणून आपल्याकडेही तो सापडतो. ‘निप्पॉन’, म्हणजे जपानचंच जपानी नाव असेल तर १८९१ ते १९२१. त्यानंतर अमेरिकी अधिकाऱ्यांनी ‘जपान’ असंच लिहायला लावलं. ‘ऑक्युपाइड जपान’, म्हणजे व्याप्त जपान असं असेल, तर ती डबी दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची. हरलेल्या देशानं आपण दुसऱ्याच्या ताब्यात आहोत हे स्वतःच्या हातानं एवढ्याशा डबीखाली लिहिलं आहे. ‘चेकोस्लोव्हाकिया’ म्हणजे १९१८ नंतरची. हा देश १९९२ अखेर संपला, माझ्याकडची डबी अजून आहे. ‘जर्मन लोकशाही प्रजासत्ताक’ असा शिक्का दिसला तर तो पूर्व जर्मनीचा, १९४९ ते १९९०. एक सावधगिरी मात्र बाळगा, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची माइसेनची खूण जगात सगळ्यात जास्त चोरली गेली आहे. तलवारी दिसल्या म्हणून हुरळून जाऊ नये, आणि त्या भरवशावर घर विकायलाही काढू नये.

मराठी माणसानं हे शिक्के वाचायला शिकलं पाहिजे असं मला फार वाटतं, कारण त्या डब्या आपल्याच बंदरातून आत आल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी पोर्सलीनच्या वस्तू आहेत, त्या पाहून याव्यात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर जाच. दिनकर केळकरांनी (१८९६ ते १९९०) अडकित्ते, दिवे, करंडे, फणेरपेट्या असल्या, कुणी ढुंकून न पाहिलेल्या घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं. तिथं काचेपुढे उभी राहिले की मला एकच वाटतं, यातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी घरात ‘काढून टाका’च्या ढिगात होती.

एक चूक माझ्याही हातून झाली आहे, तीही सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून होणार नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून १९९४ साली मी एक निप्पॉन डबी ६० रुपयांना घेतली होती. गोल, निळसर, झाकणावर सोन्याच्या ठिपक्यांचा मण्यांसारखा उंचावलेला वेढा. झाकणाच्या कडेला तांदळाएवढा टवका. मला वाटलं, रोज दात घडवते, हा टवका काय, भरून काढीन. लॅब सुटल्यावर मालकांची परवानगी घेऊन ए-वन शेडची, म्हणजे दाताच्या फिकट रंगाची माती त्या खाचेत भरली, कुंचल्यानं वळण दिलं, इतकं बेमालूम बसलं की माझीच मला शाबासकी वाटली. भट्टीत घातलं. भट्टी उघडली तेव्हा झाकणाचे दोन तुकडे झाले होते. झिलईवर काळे बारीक फोड उठले होते आणि सोन्याची चमक उडाली होती. त्या रात्री झोप लागली नाही. कारण नंतर शांतपणे विचार केल्यावर कळलं. जुन्या झिलईला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, त्यांत शंभर वर्षांची ओल आणि मळ मुरलेला असतो. आमची भट्टी मिनिटाला पन्नास-पन्नास अंश चढते, ओलीची वाफ होते आणि बाहेर यायला वाट नसते. शिवाय दोन वेगळ्या माती तापताना सारख्या फुगत नाहीत, निवताना सारख्या आक्रसत नाहीत. ते दोन तुकडे मी ठेवले आहेत. तेव्हापासून टवक्याला हात लावत नाही.

आणि आपणही लावू नये. एका दुरुस्तीवाल्यानं माझ्या ओळखीच्या बाईंची चांगली डबी लांबी (पुट्टी) भरून आणि सोनेरी ऑइलपेंट फासून ‘नवी’ करून दिली. दोन पावसाळ्यांत लांबी पिवळी पडली आणि मूळचं सोनंही तिच्याबरोबर निघालं. फेविक्विकनं घाईत चिकटवलेला तुकडा हमखास केसभर वाकडा बसतो आणि मग तो सोडवताना कड झिजते. तुकडे मऊ कागदात वेगवेगळे गुंडाळून ठेवले तर पुढे जाणकार माणूस ते जोडू शकतो. धुवायची तर कोमट पाणी, तळाशी जाड टॉवेल घातलेलं प्लास्टिकचं टब आणि चित्रकलेचा मऊ कुंचला. पीतांबरी, लिंबू, ब्लीच, काथ्या यांतलं काही नको. सोन्याची रेघ झिलईच्या वर असते, झिलईखाली नव्हे, एका घासण्यात ती विरळ होते. विकत घेताना जोड लपवला आहे का ते पाहायचं असेल, तर नोटा तपासायचा जांभळा दिवा अंधारात डबीवर धरा. गोंद आणि नवा रंग आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळा उजळतो.

पण यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याच भिंगानं कळत नाही. जुन्या बाजारातच एकदा एका विक्रेत्यानं मला डबी दाखवण्याआधी ती सवयीनं उलटी करून आपटली, आतला कचरा काढायला. फडक्यावर दोन दुधाचे दात पडले. पुढचे, वरचे, मुळं पूर्ण झिजून आपसूक पडलेले, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाचे. माझ्या धंद्याचं होतं म्हणून ओळखले, दुसऱ्याला खडे वाटले असते. कुण्या आईनं ते जपून ठेवले होते. कुणाची आई, कुठलं घर, मुलगा की मुलगी, सगळं त्या भंगाराच्या गोणीत पुसलं गेलं होतं. मी डबी घेतली आणि दातही घेतले. ते तिच्यातच आहेत.

त्या दिवसापासून प्रत्येक डबीत मी एक चिठ्ठी ठेवते. कुणाकडून आली, कुठल्या गावची, आत काय होतं, किती रुपयांना. शेजारच्या काकूंनी दिलेल्या डबीत चिठ्ठी आहे: ‘सासूबाईंची. कृष्णेच्या घाटावरच्या दुकानातून. आत नेहमी बेलाचं वाळलेलं पान.’ बाजारात या डबीला दोनशे रुपयेसुद्धा कुणी देणार नाही, झाकणाला आडवा तडा आहे. माझ्या कपाटात ती लिमोजच्या शेजारी ठेवलेली आहे.

तेव्हा वाचकांना माझं एवढंच मागणं आहे. या दिवाळीत असली डबी हाताला लागली तर ती भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या आणि विचारा, हिच्यात काय असायचं? उत्तर मिळेल ते त्याच दिवशी कागदावर लिहा. नको असेल तर कुणा नात्यातल्या मुलीला चिठ्ठीसकट द्या. टवका राहू द्या. झाकण एकीकडे, खालचा भाग दुसरीकडे असं करू नका, दोन्ही भाग भट्टीत बहुधा एकावर एक बसूनच भाजलेले असतात, एकाच्या वाकडेपणात दुसऱ्याचा वाकडेपणा मुरलेला असतो. दुसरं झाकण त्यावर कधीच नीट बसत नाही, कितीही तेच माप असलं तरी.

आणि एक मागणं स्वतःसाठी आहे. वाटणीत गेलेला आत्याच्या डबीचा खालचा भाग सांगलीतच राहिला, की बेळगाव-कोल्हापूरकडे गेला, की आणखी कुठे, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. आपलं वृत्तपत्र या तिन्ही ठिकाणी जातं. लहान पांढरं ड्रेसिंग टेबल, पुढे दोन खोटे खण, खणांना सोन्याचे ठिपके, तोंड लंबगोल. माझ्या व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीनं, झाकणाची आतली कड ७१ मिलिमीटर लांब आणि ४८ मिलिमीटर रुंद भरते. डाव्या टोकाला झाकण किंचित उचललेलं आहे, तेव्हा खालच्या भागाचीही डावी कड तेवढीच वर आलेली असणार. झाकणाच्या आत ओल्या मातीत ३१ हा आकडा कोरलेला आहे, खालीही तो असावा. बहुतेक कुणी त्यात टाचण्या किंवा सुटे पैसे ठेवत असेल, कडेला टवकेही गेले असतील. आणि बिनझिलईच्या कडेवर कुठे लाल दिसलं, तर ते घासून काढू नका. आपल्या कार्यालयाकडे तेवढं कळवा, मी स्वतः येऊन पाहीन. झाकण बरोबर आणीन.

आपली नम्र,
एक निवृत्त डेंटल टेक्निशियन,
मिरज